आईचा खोकला

सुंदरी : औषधाची बाटली रिकामीच परत आणलीत?

शेषगिरी : बसू दे ग जरा. एग्मोरपासून चालत आलोय.

सुंदरी : तुमच्या आई सकाळपासून विचारतायत, सेतुमाधव डॉक्टर कां आले नाहीत. दर शुक्रवारी येतात म्हणून डॉक्टरांची कॉफी काढून ठेवलीय.

शेषगिरी : गिरणीचा दवाखाना बंद झाला, हे अजून सांगितलं नाहीस?

सुंदरी : मुलगा तुम्ही. तुम्ही सांगा.

शेषगिरी : काय सांगू? नव्या कायद्यानं सरकारी विमा आला, म्हणून मालकानं जुनी सोय मोडली? जुनीत घरचे सगळे होते. नव्यात मी एकटा.

सुंदरी : आई, बायको माणसं नव्हेत?

शेषगिरी : तेच विचारलं. विम्याच्या दवाखान्यात खिडकीतला कारकून म्हणाला, पुढं घरच्यांसही घेतील, धीर धरा.

सुंदरी : खोकल्यास कुठला धीर? म्हणून तर म्हटलं, त्यांचा खोकला तुमचा म्हणून सांगा. मागल्या खेपेस मिळालं की औषध.

शेषगिरी : मिळालं. रात्रीचा खोकला, संध्याकाळी कणकण, जेवण जात नाही, सगळं पाठ केल्यासारखं म्हटलं. तिथल्या डॉक्टरानं छातीस नळी लावली, पुन्हा लावली. मग छातीचा फोटो काढायला धाडलं. तुला बोललो नाही.

सुंदरी : आज फोटो बघितला, खोटं पकडलं. तुम्हांस खोटं बोलायला कधी जमलंय?

शेषगिरी : खोटं निघालं नाही, सुंदरी.

सुंदरी : म्हणजे?

शेषगिरी : डाव्या बाजूस डाग आहे. सोमवारी इस्पितळात ये म्हणाला. खाट, दूध, गोळ्या, सगळं विम्यातून.

सुंदरी : अय्यो, देवा.

शेषगिरी : हळू. आत ऐकू जाईल.

सुंदरी : आणि त्यांचं औषध?

शेषगिरी : कायद्यात ती नाही. माझ्या गोळ्यांतल्या थोड्या वाचवून पाठवीन.

सुंदरी : मग तुम्ही काय घेणार?

शेषगिरी : थकलोय ग. आज नको विचारू.

भवानी : (आतून, खोकत) शेषू, डॉक्टर आले काय रे? कॉफी निवून गेली.

शेषगिरी : आज नाही येत, अम्मा. ती कॉफी मी घेतो.

सुंदरी : थांबा, डॉक्टरांच्या पेल्यातून नको. अम्मांच्या पेल्याशेजारी तुमचाही एक वेगळा ठेवते.