मेरिडियन यानावरचं कापलेलं दृश्य

— घे, ही झाली सही, पण आधी तू आत्ता काय म्हणालीस ते परत सांग. गेल्या वर्षी तू होतीस? ह्याच चाहत्यांच्या संमेलनाला, इथे अनाहाइमला, त्या मोठ्या हॉलमध्ये, आमचं दृश्य दाखवलं तेव्हा? बस. अगं बस ना, ती खुर्ची ओढ. रांग थांबेल, अर्धे जण यानाचे गणवेश घालून दिवसभरासाठीच आलेत, त्यांना कसली घाई! मला एकच सांग — तुझ्याकडे आहे का ते? फोनमध्ये? चोरून घेतलेलं, हललेलं, पुढच्याचं डोकं मधे आलेलं, कसलंही चालेल. मी कुणाला सांगणार नाही. नाही? हो, दारातच सगळ्यांचे फोन पिशवीत घालून कुलूप लावलं होतं, माहीत आहे मला. सगळे हेच सांगतात. सकाळपासून येईल त्याला विचारतोय, वेडा म्हातारा वाटत असेन.

का म्हणजे? चित्रपटात ठेवलंच नाही म्हणून! लागल्यावर पाहिलास ना तू? काय आहे त्यात — मी, म्हणजे डॉक्टर इव्हार, आणि नाविक सोल खिडकीशी उभे, सोलचा हात माझ्या खांद्यावर, आणि धाडकन स्फोट. संपलं. इतकी जाहिरात केली, मेरिडियनवर आता सगळ्यांना जागा आहे म्हणून मुलाखती दिल्या, तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात — आणि मग म्हणे बाहेरच्या देशांत चालणार नाही. बाहेरच्या देशांत! मग इथे तरी कुठे ठेवलंय? हिरव्या कातडीच्या राणीशी कप्तानाचं लग्न लागतं, तिला तीन हात आहेत, कुणाची काही हरकत नाही. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचं चुंबन घेतलं, तेवढं मात्र अशक्य.

पहिल्या चित्रपटापासून बघ तू — आम्हा दोघांच्या मधे कायम ते लुकलुकत्या दिव्यांचं टेबल. दिग्दर्शक बदलले, टेबल हललं नाही. 'लॉइड, जरा लांब उभा राहा रे, तू सोलकडे बघतोस ते विचित्र दिसतं.' बघायचो मी. सोलचं काम एमेट करायचा, मग काय करणार, नजर जायचीच. तुम्ही लोकांनीच ती पकडलीत, ह्या दोघांचं काहीतरी आहे म्हणून पत्रं लिहायचात. आम्ही ती नाश्त्याला मोठ्यानं वाचायचो, एमेट अंडी परतता परतता सोलच्या आवाजात उत्तरं —

म्हणजे सेटवर. सेटवरच्या नाश्त्याला.

जाऊ दे. सेटवर कोण स्वतः अंडी परततं! बरबँकला, आमच्या स्वयंपाकघरात. कळलंच आहे तुला, तर हळू बोल जरा. आयुष्य काढलं गं आम्ही त्या घरात. आधी माझा एजंट म्हणायचा, बाहेर कळलं की कामं बंद. मग काळ बदलला म्हणे, पण नेब्रास्कात एमेटची बहीण होती, लोर्ना, तिचं ते चर्च — एमेट म्हणायचा, तिला सोसायचं नाही. मग सवयच झाली. रस्त्यात चुकून हाताला हात लागला तरी सॉरी म्हणायचो आम्ही एकमेकांना.

आणि मग ही नवी दिग्दर्शिका आली. आल्या आल्या तिनं ते टेबल उचलायला लावलं. म्हणाली, आता जवळ या. एवढी माणसं, दिवे, कॅमेरा — माझे पाय हलेनात, एमेटच पुढे आला. तोवर त्याचं यकृत पार गेलं होतं. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. चारचौघांत तेवढं एकदाच.

हिवाळ्यात गेला तो. लोर्ना आली, राख घेऊन गेली. चांगली बाई आहे — मला मिठी मारून म्हणाली, सहकारी असावा तर तुमच्यासारखा. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर, बाकीच्या नटांत. स्टुडिओला फोन केला, हातापाया पडलो, तुमच्या खोलीत बसवा, ते दृश्य एकदाच दाखवा, मी काही मागणार नाही. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. कंपनीची मालमत्ता आहे, म्हणाली.

नको, रडू नकोस तू. पुढेच बसली होतीस ना? पडदा नीट दिसत होता? मग एवढं सांग. मी नाही गं पाहिलं ते, मी पडद्यामागे त्याची चाकाची खुर्ची धरून उभा होतो, आम्हाला नुसत्या टाळ्या ऐकू आल्या. आणि चित्रीकरणाच्या वेळी माझे डोळे गच्च मिटलेले, भीतीनं. त्याचे? त्यानंही मिटले होते का?

उघडे?

पूर्ण वेळ? नक्की — माझ्याकडे?



जा तू आता. नाही, काही झालं नाही मला, पाणी नको. रांगेतल्यांना सांग, हे म्हातारे — नको, काही सांगू नकोस. जा.