घारीच्या तावडीतला ससा

कीर्तनाला निघालेल्या राहीबाई रहिमतपूरच्या स्टँडवर बसल्या होत्या. मागच्या बाकावर दगडाबाई आणि शेजारची सोनम बोलत होत्या.

"आवं दगडाकाकू, नातीचा ससा घारीनं उचलला म्हनं?"

"उचलतच हुती. म्या खराटा फेकला, तवा सुटला. कान फाटला. पोरगी जेवली न्हाई गं त्या दिशी."

"कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकायचा की."

"झाकला, तर आत त्यो चाराच खाईना. मग अंगनात दोऱ्या ताणून चकाकत्या सीड्या टांगल्या. घार फिरकंना बघ!"

"एवढ्या सीड्या कुठल्या?"

"मालकांच्या. कीर्तनाच्या."

राहीबाईंचा हात गळ्यातल्या माळेकडं गेला.

"आनि काका गप बसलं?"

"बसत्यात व्हय! 'बुवास्नी फासावर टांगलंस' म्हनून बोंबलत आलं. सगळ्या सोडल्या, पुसल्या, देव्हाऱ्यात नेऊन ठेवल्या."

"अगं बया! मग ससा परत उघड्यावर?"

"न्हाई गं. पोराच्या लग्नाच्या सीड्या काढून त्येंनीच टांगल्या. कालपासनं ससा नुसता हुंदडतोय."

"ह्या सीड्यांना भ्येती घार?"

"मालक म्हनत्यात, ह्यात आपलं व्याही नाचल्यात. घार काय, गिधाड बी खाली उतरनार न्हाई!"

राहीबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.