गुळाचा ऑइलपेंट

रंगकामाचा विषय निघाला की मला आमचे दादाच आठवतात, म्हणजे माझे वडील. बाहत्तरच्या आसपासची गोष्ट. आमच्या गावी, खर्ड्याला, आत्याला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून दादांनी दाराला हिरवा ऑइलपेंट द्यायला घेतला. रंग टणक व्हावा म्हणून त्यात चक्क गुळाचा पाक ओतला.

आई ओरडली, "अवो, हे काय करताय?"

"गावातला किल्ला बघ की! चुन्यात गूळ घातलाय, म्हणून अजून हुबा हाय."

"तो चुना हाय, ह्यो पेंट!"

सकाळी बघतो तर दारावर वरपासून खालपर्यंत मुंग्या चिकटलेल्या. दादांनी शांतपणे त्यांच्यावरूनच वार्निश मारलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील दारावरून हात फिरवत म्हणाले, "नक्षी लई बारीक हाय. कारागीर कुठला?"

"गावातलेच हायत," दादा म्हणाले. "लई जण राबले."

आत्याचं लग्न तिथंच जमलं.

आता दादा नाहीत. परवा मी ते दार घासायला पॉलिश पेपर घेतला, तर आईनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. ह्यांच्या हातचं तेवढंच टिकलंय."