डिंकाचा थेंब

सुनेने प्रेमकादंबरीचं जाडजूड पाकीट पोस्टाच्या खिडकीत सरकवलं. शेजारी सासू उभी होती. कारकुनाने पाकीट काट्यावर ठेवलं आणि कान टवकारले.

“सातव्यांदा परत आली, तरी हसतेयस काय?”

“आई, दर वेळी मी दोनशे दहा आणि अकरा ही पानं डिंकाच्या थेंबाने चिकटवते. सहा वेळा तशीच चिकटलेली परत आली. या वेळी सुटलेली होती! संपादकाने नाकारली तर नाकारली, तिथवर वाचली तर खरी!”





“पाकीट मंगळवारी आलं. तू कामावर होतीस. म्हटलं, बघावं तरी काय लिहिते.”

“पानं तुम्ही सोडवलीत?”

“वाफेवर धरून. तुझा नायक ऐन दारात येऊन उभा, आणि पान उघडेना! जीव टांगणीला लागला माझा.”

“म्हणजे संपादकाने वाचलीच नाही.”

“नसेल. मी दोनदा वाचली.”

“तुम्ही? तुम्हाला तर असलं सगळं थिल्लर वाटतं!”

“वाटतंच. पण तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं, ते मला मुळीच पटलं नाही.”

कारकुनाचा शिक्का हातातच राहिला. मागे रांग कुरकुरू लागली.

“बाई,” तो म्हणाला, “परत येतो का तो?”