मॅट गार होईपर्यंत

थोरली जाऊ : 'इस्त्री टेकवायची ती फळीवर, कापड कापायच्या मॅटवर कधीच नाही.' सासूबाई हे इतक्यांदा सांगायच्या, की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. तुला कसं गं नाही कुणी सांगितलं?

धाकटी जाऊ : सांगितलं होतं की. तुम्हीच सांगितलं होतं, वहिनी. पण तुमचा गुडघा धरलाय, आणि दर शिवणीला उठून तुम्ही इस्त्रीच्या टेबलापर्यंत जाता. म्हटलं, जिथे कापतोय तिथेच दाबून टाकू. वर टॉवेल घातला होता मी.

थोरली : टॉवेल बघून इस्त्रीचा ताप लाजून परत जातो का?

धाकटी : बोला, बोला. माझ्या वाट्याचंच आहे ते.

थोरली : बोलून मॅटचं पोट आत जायचं नाही. बघ, मधे कशी फुगलीये. आणि काल कापलेलं कापड?

धाकटी : एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. मोजपट्टी त्या फुगवट्यावर डुगडुगते आणि कटर आपल्या मनाने चालतो. गोधडीची मखमल आता एका ओळीपुरतीच उरलीये. चुकायला जागा नाही. नवी मॅट मागवू का?

थोरली : ती यायला आठवडा जाईल. खालच्या लायब्ररीवाल्या बाईंना डॉक्टर काय म्हणाले, ठाऊक आहे ना?

धाकटी : उजवा डोळा गेला. डाव्यात थोडा उजेड आहे, पण तो किती दिवस, ते सांगता येत नाही.

थोरली : मग? त्यांच्यासाठीच शिवतोय ही गोधडी, आणि ती एकदा डोळ्यांनी बघायचीय त्यांना. 'एकदा नीट पाहिली, की पुढे माझ्या बोटांना सगळं आठवेल,' म्हणाल्या. कॉर्डरॉय लागलं की उशाकडची बाजू, मखमल लागली की मधोमध, लोकर आली की पायथा. त्यात एखादी ओळ वाकडी गेली, तर बोट भलत्याच घरात शिरायचं.

धाकटी : सांगा, काय करू.

थोरली : पाणी गरम कर. उकळतं नको, बोट बुडवून काढता आलं पाहिजे. दोन टॉवेल त्यात भिजवून पीळ. मॅट फरशीवर ठेव, फुगवटा वर. कपाटातली रुंद फळी काढ.

धाकटी : फरशी आधी पुसून घेते. खाली खडा राहिला तर नवीन टेंगूळ यायचं.

थोरली : आता कशी शहाण्यासारखी बोललीस.

धाकटी : घातले टॉवेल. मऊ पडतेय हो, वहिनी. फुगवटा आपोआप खाली बसतोय.

थोरली : दाबू नकोस हाताने. टॉवेल काढ, फळी ठेव. आता वजन.

धाकटी : शिवणयंत्र ठेवू वर?

थोरली : आणि ते घसरून पडलं तर अस्तर कशावर शिवू? तू बस त्या टोकाला. मी इकडे बसते.

धाकटी : आपण दोघी? फळीवर?

थोरली : देवाने एवढं वजन दिलंय, ते कधी उपयोगी पडायचं?

(दोघी फळीवर बसतात.)

धाकटी : आत्ता कुणी आलं तर काय सांगायचं?

थोरली : अंडी उबवतोय म्हणावं.

धाकटी : किती वेळ बसायचं पण?

थोरली : पार गार होईपर्यंत. कोमट असताना उचललीस तर पुन्हा फुगून दाखवेल. माझी संध्याकाळची प्रार्थना आज इथेच करते. तू हलू नकोस म्हणजे झालं.

धाकटी : ...झाली?

थोरली : झाली. तुझी चुळबुळ ऐकत ऐकत झाली.

धाकटी : पायाला मुंग्या आल्या हो. काय मागितलंत?

थोरली : मागत नाही मी काही. कोणतं काम अडलंय तेवढं सांगते, आणि उठून कामाला लागते. धर हात, उठव मला. हं. फळी काढ. मोजपट्टी कडेवर उभी धर आणि खालून कागदाचा कपटा सरकवून बघ.

धाकटी : मधे सरकत नाही. इकडेही नाही. या कोपऱ्यात मात्र जातोय.

थोरली : इस्त्री तिथे टेकवून ठेवलेलीस?

धाकटी : तिथेच.

थोरली : मग तो कोपरा गेला. वितळलंय ते, आता वळणार नाही. खडूने रेघ मार. रेघेपलीकडे कापड न्यायचं नाही. उरलेली मॅट आपल्याला पुरून उरेल.

धाकटी : घ्या, कटर घ्या.

थोरली : तू काप.

धाकटी : वहिनी, शेवटची मखमल आहे ही.

थोरली : म्हणूनच. माझं मनगट मधेच सैल पडतं हल्ली. तुझा हात एका दमात जातो. काल मॅट वाकडी होती, तुझा हात नव्हता.

धाकटी : ठीक. कापते. एका रेघेत कापते, बघाच तुम्ही.

थोरली : थांब. कापड अंथरून ठेव, पण कटर लावू नकोस अजून.

धाकटी : आता काय राहिलं?

थोरली : मखमल बाईंच्या खुर्चीची आहे. आयुष्यभर त्या खुर्चीत बसून वाचलं त्यांनी. ही ओळ त्यांच्या डोळ्यांदेखत कापू, असा शब्द दिलाय मी.

धाकटी : मग उद्या सकाळी बोलावू की. उजेडही चांगला असेल.

थोरली : उद्याचा उजेड तुला मला आहे. त्यांचं मी कसं सांगू?

धाकटी : ...मी जाते खाली. तुमचा गुडघा, त्यात जिना.

थोरली : शब्द माझा आहे ना? तू सगळे दिवे लाव. टेबलाजवळ खुर्ची ठेव, डाव्या बाजूने बघता येईल अशी.

धाकटी : सावकाश उतरा.

थोरली : दार उघडंच ठेव. येताना माझा एक हात कठड्यावर असेल, आणि दुसरा त्यांच्या हातात.