काळ्या शिपायांच्या नावाचा घास

मी मूळचा शहाद्याकडचा. बाप सालदार, आजाही सालदार, म्हणजे मालकाच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं बांधलेला गडी, म्हणायला वर्षाचा, पण सुटलेला आमच्यात कोणी पाहिला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपतं, आणि त्याच दिवशी मालक ओट्यावर जेवायला बसवतो, त्याची पुरणपोळी न् आंब्याचा रस पोटात गेला की पुढचं साल धरलं, लिहिणं नाही का अंगठा नाही, घास गेला म्हणजे झालं. मी सालाच्या मध्येच पळालो, सुरत, वापी करत इकडे सिल्वासाला आलो, राखोलीच्या सूत कंपनीत लागलो. तर मालकानं माझ्या जागी धाकट्या भावाला धरलं, रतनला. मी म्हणायचो, काय करता, आपण सुटलो हेच पुष्कळ.

मग एका दुपारी लाईट गेली, मशिनी बंद, आमचे नाशिकचे इंजिनीअर साहेब गोष्ट सांगायला बसले. अमेरिकेत म्हणे काळी माणसं गोऱ्या मालकांची गुलाम, बैलबाजारात बैल विकावा तशी विकायची, कापूस वेचायला लावायची. कापूस म्हटल्यावर मी कान टवकारले, कापूस तर आमच्या हाडात. तिथं आपसांतच लढाई लागली, तर हे गुलाम नदी-नाले तुडवत पळाले, मालकांच्या विरुद्धच्या फौजेत गेले न् म्हणाले, बंदूक द्या. मी म्हटलं साहेब, सुटले होते ना, मग? साहेब म्हणाले, बायकापोरं मागं होती ना. आणि हाती लागले तर गोळी, नाहीतर परत बाजार. हे माहीत असून गेले, हजारांनी गेले. काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा आला. सुटलेला माणूस परत त्याच वाटेनं, तेही दिवसाढवळ्या, अंगात शिपायाचा ड्रेस घालून. मला तर गावाकडची एसटी दिसली तरी घाम फुटायचा. एवढी छाती आणली कुठून असेल त्यांनी? अजून मला उमगत नाही.

त्या आखाजीला मी कंपनीचा निळा ड्रेस घातला, टोपीसकट, त्या उन्हात, न् गावाला गेलो. रतन ओट्यावर बसलेला, ताट वाढलेलं, पोळीचा तुकडा रसात बुडवलेला. मालक म्हणाला, ये रे ये, तूपण बस. त्याची शिवी परवडली, गोड बोलणं नाही परवडत. मी टोपी नीट केली न् म्हटलं रतन, ऊठ, अजून घास गेला नाही, तू आत्ता कोणाचाच नाहीस. त्यानं मालकाकडं पाहिलं, माझ्या टोपीकडं पाहिलं, तुकडा ताटात ठेवला न् उठला. मालक मागून ओरडत राहिला. स्टँडवर पोचल्यावर हा म्हणतो, दादा, रस तरी खाऊ द्यायचा होता.

आता तो इथंच, सिल्वासाजवळ अथालला राहतो, पोरंबाळं आहेत, कंपनीत पक्का आहे. आखाजीला माझ्याकडं जेवायला येतो. आमच्यात त्या दिवशी निखाऱ्यावर पितरांच्या नावानं घास टाकतात. आजाचा टाकतो, बापाचा टाकतो, मग एक त्या शिपायांचा. नावं ठाऊक नाहीत, नुसते हात जोडतो. रतन हसतो, म्हणतो, दादा, त्यांना आपली पुरणपोळी चालेल का?

मी म्हणतो, चालेल रे. तू ताटात सोडून आलास ना, तीच आहे ती.