कोठीतला कोंबडा

...आणि वर मलाच म्हणतात, "संपतराव, तुमाला एवढंबी ठाऊक न्हाई?" न्हाई ठाऊक! कसं असंल? तुमाला सांगतो, मी खोडदच्या दुर्बिणीवर कामाला हाये हे खरं, पण म्हणून काय आभाळ मला विचारून चालतं व्हय? सकाळी नारायणगावातनं सायबलोकांना घ्यायचं, खोडदला सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. झालं माझं विज्ञान. मी गाडी चालवतो, राव!

पण ऐकतंय कोण? वारूळवाडीला बिबिजानभाभीच्या दुकानात बिस्किटाचा पुडा घ्यायला थांबलो, तर भाभी पुडा हातातच धरून ठेवती... "संपतभाई, दूध उतू जातं, मग पाणी का न्हाई जात? तुमी तर दुर्बिणीवर!" आता दुर्बिणीतनं दूध बघतात का भाभी? दाढीला बसलो, तर न्हावी माझी मान धरून विचारतो, "चंद्र आपल्या मोटारसायकलसंग का पळतो?" मान त्याच्या हातात, वस्तरा गळ्यापाशी, उत्तर द्यावंच लागतं! म्हटलं, "त्याला बी घरी जायचं असंल." तर ह्यो खूश! दुसऱ्या दिवशी गावभर... "दुर्बिणीवाल्यांचं म्हणणं हाये, चंद्राला घरी जायचं असतं." घ्या!

ते बी चालवून घेतलं असतं. पण तुमाला सांगतो, ह्यापायी माझ्या पोरीचं लग्न मोडायची येळ आली, तवा मात्र माझं डोकं फिरलं.

झालं काय, आमची अक्षदा बीएस्सी झालेली, आणि मंचरचा सूरज तिच्याच कॉलेजातला. पोरांचं आपसात जमलेलं. आता मोठ्यांनी नुसतं बघून पसंत केल्यासारखं करायचं, पोहे खायचे, सुपारी फोडायची, एवढंच उरलेलं. मध्यस्थ कोण? माझा मेव्हणा, भागू! ह्या भागूनं मंचरला जाऊन सांगितलं, "मुलीचे वडील दुर्बिणीवर असतात." म्हटलं, "काय म्हणून असतात ते सांगितलं का?" तर म्हणतो, "दाजी, ते कुणी विचारलंच न्हाई!" आणि आमची साधना, म्हणजे आमची मंडळी, तिनं सकाळीच दम भरला, "आज ते गाडीचं वाक्य तोंडातनं काढायचं न्हाई. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाये." आता मला सांगा, जे वाक्य मी दिवसातनं धा येळा बोलतो, तेच नेमकं गिळायचं!

पावणं आले. सूरज, त्याचे वडील भरतशेठ, त्यांची मंचरला कांद्याची आडत, आणि भरतशेठची आई, साळुबाई. ऐंशीच्या पुढची म्हातारी, पण डोळे काय राव! आल्या आल्या घर बघितलं न्हाई, पोरीला बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं. "तुमीच का ते दुर्बिणीवाले?"

मी भागूकडं बघितलं. भागू आढ्याकडं.

"मग सांगा," म्हातारी म्हणती, "आभाळ निळं का?"

आता पोरगी बघायच्या कार्यक्रमात पोरीला विचारतात ना? नाव काय, शिक्षान किती, भाकरी थापता येती का. हितं पोरगी मान खाली घालून पोह्याचा ट्रे धरून हुबी, आणि परीक्षा बापाची! मी ठोकून दिलं, "समुद्राचा रंग पडतो, आजी."

"मंचरला कुठला समुद्र?"

भरतशेठ म्हणाले, "आई, गप बस ना." पण गप बसंल ती साळुबाई कसली! "बरं, ते भीमाशंकराकडं काजवं असत्यात. त्याच्या बुडाला दिवा पेटतो. मग त्याचं बूड भाजत कसं न्हाई?" म्हटलं, "एलईडी असतो, आजी. गार लाइट." आणि तुमाला सांगतो, म्हातारीनं मान डोलावली! हां, म्हणाली, पटतंय. मला बी जरा चढलं. मडक्यातलं पाणी गार का? सांगितलं. पाल भिंतीवरनं पडत का न्हाई? सांगितलं. बिबट्याचे डोळे बॅटरीत का चमकतात? तेबी सांगितलं. काय सांगितलं ते आता इचारू नका. माणूस उतारावर लागला की ब्रेक मारायचं सुचत न्हाई, हे मला कळायला पाहिजे व्हतं... मी गाडी चालवतो, राव!

तेवढ्यात परसात कोंबडा वरडला. पसंती झाली की कापायचा म्हणून बांधून ठेवलेला. म्हातारीनं कान टवकारले. "पहाट झाली हे कोंबड्याला कसं कळतं?"

म्हटलं, सोप्पंय. "उजेड दिसतो त्याला, आजी. आपल्या आधी दिसतो."

"आमच्या खुराड्याला चहूबाजूनं पोतं. आत मिट्ट काळोख. तरी आरवतो."

"फट असंल कुठंतरी."

"फट न्हाई."

"असणारच! उजेडाबिगर कोंबडा आरवायचा न्हाई म्हंजे न्हाई. सायन्स हाये ते!"

काय गरज व्हती? सांगा ना, काय गरज व्हती? म्हातारीनं पोह्याची डिश खाली ठेवली. म्हणाली, "तुमच्याकडं धान्याची बिनखिडकीची कोठी असंल ना? टाका त्याला आत. उद्या पहाटं बघू. बापाचं कोंबड्याचंच खरं नसंल, तर पोरीचं खरं कशावरून?"

म्हंजे मुक्काम! पोरगी बघायला आलेली माणसं मुक्कामाला ऱ्हात्यात का कुठं? अहो, आमच्याकडं तेवढ्या गाद्याबी न्हाईत! पण म्हातारीनं पाय पसरले, आणि भरतशेठ नुसते कपाळाला हात लावून बसले. कोंबडा कोठीत गेला, दाराच्या फटीत पोती कोंबली, सुपारी तशीच ताटात ऱ्हायली. आणि कापायचं जनावर कोठीत, मग जेवायला काय? साधनानं दात खात बेसनाच्या मासवड्या केल्या. रस्सा असला तिखट, की वाटलं तो माझ्यासाठीच केलाय.

जेवणं झाल्यावर भागू मला गोठ्याकडं घेऊन गेला. "दाजी, कोंबडा गुपचूप कापून टाकू. मेलेला आरवत न्हाई." हा मध्यस्थ! तेवढ्यात मागनं अक्षदा आली. म्हणाली, "पप्पा, तो आरवणार. त्याच्या अंगातच घड्याळ असतं. उजेड असो नसो, पहाट झाली की त्याला आतनं कळतं."

मी म्हटलं, "अगं मग मगाशी का न्हाई बोललीस?"

"मामानं सांगितलं व्हतं, मान खाली घालून बसायचं. तोंड उघडायचं न्हाई."

मी भागूकडं बघितलं. भागू म्हशीकडं.

मग ती हळूच म्हणाली, "पप्पा, मला सूरजशीच लग्न करायचंय." डोळ्यात पाणी. आणि तिथं कांदा न्हवता बरं का. पोरगी कधी काही मागत न्हाई हो. कॉलेजला मोबाईल बी मागितला न्हाई तिनं, मीच घेऊन दिला. आणि एवढी एक गोष्ट मागितली, ती मी एका कोंबड्यावर लावून बसलो!

पहाटं सगळे कोठीच्या दारापुढं. अंधार. म्हातारी घोंगडी पांघरून मधोमध, सूरज भिंतीला टेकून, साधना चहाचं पातेलं घेऊन, आणि मी मनातल्या मनात... आज आरवू नको बाबा, तुला आयुष्यभर ज्वारी घालीन, गहू घालीन, काजू घालीन...

कुकूऽऽच कू!

असा आरवला! असा आरवला की वारूळवाडीपर्यंत गेला असंल. आणि एकदा आरवून थांबतोय का? परत! परत! मी हात जोडायला पुढं झालो, तर अक्षदा माझ्या आधी बोलली. मान वर करून. "आजी, त्याच्या अंगात घड्याळ असतं. त्याला आठवडाभर आत ठेवलं तरी आरवंल. आणि पप्पांनी खोटं न्हाई सांगितलं, त्यांना तसं वाटत व्हतं."

मी म्हटलं, आता लपवून काय उपयोग. "आजी, खरं सांगतो, मी तिथं..."

"गाडी चालवता. ठाऊक हाये."

"आं?"

"सूरजनं पैल्या दिवशीच सांगितलंय."

"मग आजी, मला कशाला इचारत बसलात?"

तुमाला सांगतो, म्हातारी काय म्हणाली ते माझ्या काळजात ऱ्हायलंय. म्हणाली, "लग्न होऊन आले तवापासनं इचारतेय. सासरा म्हणायचा, चूल बघ. नवरा म्हणायचा, येडी हाये का. ह्यो ल्योक म्हणतो, आई, गप बस. तुमी पैला माणूस भेटलात, उत्तर दिलंत. चुकीचं दिलं, पण माझ्याकडं तोंड करून दिलं."

भरतशेठनं मान खाली घातली.

"आणि लग्न मोडणार व्हता ते?" मी इचारलं.

"मोडतेय कशाला? मला कोंबडा ऐकायचा व्हता."

झालं! सुपारी फुटली, लग्न झालं, पोरगी मंचरला गेली. कोंबडा कापायचा न्हाई असा म्हातारीचा हुकूम, त्यामुळं तो अजून आमच्या परसात हाये, गहू खातोय. आणि तिकडं साळुबाई आणि अक्षदाचं असं जमलंय, की भरतशेठचा फोन येतो, "व्याही, तुमच्या पोरीनं पुस्तक आणलंय, आमची आई जेवायला उठंना!"

मला बरं वाटलं, न्हाई कशाला म्हणू? पण थोडं... आता बघा, दिवाळीला पोरीला भेटायला म्हणून भागूची गाडी घेऊन मंचरला गेलो. जायच्या आधी गाडीतल्या एका सायबाला गाठलं, चंद्र आपल्यासंग का पळतो ते नीट समजून घेतलं. लांब असतो हो, लई लांब, म्हणून जागचा हलल्यासारखा दिसत न्हाई, जवळची झाडं मागं जातात! पाठ केलं. म्हटलं, म्हातारी इचारणारच. बसलो. चहा झाला, फराळ झाला. म्हातारी आणि अक्षदा बर्फ पाण्यावर का तरंगतो ह्याच्यावर तासभर बोलल्या, माझ्याकडं कुणी बघंना! शेवटी उठायला लागलो, तर म्हातारी हळूच जवळ सरकली.

"व्याही, एक इचारू का?"

मी परत बसलो. सदरा नीट केला. घसा साफ केला. "इचारा ना आजी, कायबी इचारा!"

"भैणीकडं नारायणगावला जायचंय. जाता जाता सोडाल का?"

...मग काय करता? चावी काढली, आणि पुढचं दार उघडून दिलं.